पॅड दिसतो, पण गेम हलत नाही

वाचकांचे प्रश्न, दुरुस्तीच्या टेबलावरून

शाळा-कॉलेजच्या परीक्षा संपल्या की या सदराकडे येणारी पत्रं बदलतात. मार्चपर्यंत प्रिंटर आणि पेनड्राइव्ह, त्यानंतर गेमचे पॅड. या वेळी बहुतेकांनी एकच विषय धरला आहे. घरात प्लेस्टेशनचा नाहीतर एक्सबॉक्सचा बिनतारी कंट्रोलर पडून आहे, तो कॉम्प्युटरला लावायचा कसा? इंदूरच्या जेल रोडला माझ्या टेबलाशी येणारी मंडळीही हेच विचारतात, फक्त त्यातले बरेच जण आधी नवा पॅड विकत घेतात आणि मग विचारायला येतात. म्हणून एक विनंती: पत्र लिहिताना पॅड उलटा करून मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर लिहा. ‘काळा आहे, दोन स्टिक आहेत’ यावरून मला काही कळत नाही, सगळेच काळे असतात.

प्रश्न: मुलगा बंगळूरला असतो. जाताना त्याचा पीएस-फोरचा रिमोट इथेच ठेवून गेला. नात सुट्टीत येणार आहे, तिच्याबरोबर कॉम्प्युटरवर क्रिकेट खेळायचा बेत आहे. ब्लूटूथच्या यादीत ‘वायरलेस कंट्रोलर, कनेक्टेड’ असं व्यवस्थित दिसतं, पण गेममध्ये फलंदाज ढिम्म उभा. कीबोर्डने सगळं चालतं. रिमोट बिघडला आहे का?
(विद्युत मंडळातून निवृत्त, लोकमान्य नगर)

उत्तर: काका, रिमोट ठणठणीत आहे. तुम्ही अर्धं काम बरोबर केलं आहे, आणि इंदुरात निम्मे पॅड याच अर्ध्या वाटेवर ‘बिघडलेले’ ठरून कपाटात जातात.

पॅड कॉम्प्युटरशी जोडणं ही एक गोष्ट झाली. जोडलेल्या पॅडचं म्हणणं गेमला समजणं ही दुसरी. फोन लागला, पण पलीकडचा माणूस तमिळमध्ये बोलतोय, असं तुमच्याकडे झालं आहे. लाइनमध्ये काही दोष नाही.

कारण जुनं आहे. २००५ साली एक्सबॉक्स ३६० आला, तेव्हा मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी ‘एक्सइनपुट’ नावाची नवी पद्धत काढली. एका वेळी चारच पॅड, बटणांची जागा ठरलेली, ए-बी-एक्स-वाय. त्याआधी ‘डायरेक्टइनपुट’ होतं. त्यात कुठलाही पॅड, स्टिअरिंग किंवा जॉयस्टिक चालायची, पण पहिलं बटण कुठलं आणि दुसरं कुठलं ते ज्याचं तो ठरवायचा. त्याहीआधी तर साउंड कार्डाच्या मागे पंधरा पिनांचं गेम पोर्ट असायचं. त्यात जॉयस्टिक खुपसून विमानं उडवणारी मुलं आता माझ्याकडे आपापल्या मुलांचे पॅड घेऊन येतात. असो. नवे गेम बहुतेक एक्सइनपुट धरून चालतात. सोनीचा, म्हणजे तुमच्या प्लेस्टेशनचा पॅड मात्र विंडोजला जुन्या पद्धतीने ओळख सांगतो. म्हणून विंडोजला तो दिसतो, पण गेमला दिसत नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. छोटी चौकट उघडेल. तिच्यात इंग्रजीत जे, ओ, वाय, मग टिंब, मग सी, पी, एल असं लिहून एंटर करा. ‘वायरलेस कंट्रोलर’ निवडा आणि प्रॉपर्टीजमध्ये जा. एका चौकोनात अधिकचं चिन्ह दिसेल, ते डाव्या स्टिकबरोबर हलतं. बाजूला आकडे घातलेले लाल गोल आहेत. आता चौकोनाचं बटण दाबा, एक नंबरचा गोल उजळेल. फुलीचं दाबा, दोन नंबरचा. एक्सबॉक्सच्या पॅडवर मात्र एक नंबरला खालचं ए बटण असतं. म्हणजे एखादा जुना गेम हा पॅड ऐकत असला, तरी त्यात फटका मारायला जाल आणि धाव काढाल. गोल उजळत आहेत ना? मग रेडिओ, बॅटरी, बटणं, सगळं नीट आहे, आणि हातोडी-पेचकस काढायची गरज नाही.

उपाय दोन आहेत. तुमचा गेम ‘स्टीम’ या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला असेल तर स्टीमच्या सेटिंगमध्ये ‘कंट्रोलर’ हा भाग उघडा आणि प्लेस्टेशनच्या पॅडसाठीचा स्टीम इनपुट चालू करा. डिसेंबर २०१६ पासून स्टीमला हा पॅड कळतो. गेम बाहेरचा असेल तरी स्टीमच्या लायब्ररीत ‘नॉन-स्टीम गेम’ म्हणून तो जोडता येतो आणि तिथूनच सुरू करता येतो, बहुतेक वेळा काम होतं. दुसरा उपाय ‘डीएसफोरविंडोज’ नावाच्या फुकट प्रोग्रॅमचा. तो मधे बसून सोनीच्या पॅडला गेमसमोर एक्सबॉक्सचा पॅड म्हणून उभा करतो. माझं मत विचाराल तर स्टीमने भागत असेल तर दुसऱ्याच्या वाटेला जाऊ नका. मधे जितके प्रोग्रॅम कमी, तितकी नातीसमोर फजिती कमी.

आणि दोन्ही एकदम चालू ठेवू नका. मग गेमला एकाच हातातले दोन पॅड दिसतात, मेनूमध्ये एकदा खाली दाबलं की बाण दोन ओळी उतरतो. महूच्या एका वाचकाची नेमकी हीच तक्रार आली आहे, त्यांनीही हे उत्तर आपलंच समजावं.

पुढेमागे कधी जोडणीच तुटली तर: पॅड बंद असताना ‘शेअर’ आणि मधलं पीएस बटण एकत्र दाबून धरा. पुढच्या पट्टीचा दिवा आधी नुसता लुकलुकेल, तेव्हा सोडू नका. दोन-दोन झपाझप चमका येऊ लागल्या की पॅड नवी जोडणी शोधतोय, तेव्हा विंडोजमध्ये ‘अ‍ॅड डिव्हाइस’ करा. काहीच दाद देत नसेल तर मागच्या बाजूला एल-टू बटणाजवळ एक बारीक भोक आहे. त्यात सेफ्टी पिनचं टोक हलकेच घालून पाच सेकंद दाबा. आत रीसेटचं बटण आहे, टिक् असं जाणवतं. मुलाच्या प्लेस्टेशनशी असलेली जुनी ओळख पॅड विसरेल, तेव्हा तो बंगळूरला परत नेणार असेल तर त्याला तसं सांगून ठेवा.

प्रश्न: दादा, सेकंड हँडमध्ये एक्सबॉक्स ३६० चा वायरलेस पॅड घेतला. विकणाऱ्याने वायरही दिली. वायर लावली की पॅड चार्ज होतो, दिवेही फिरतात, पण लॅपटॉपला काही म्हणजे काही कळत नाही. ब्लूटूथमध्येही येत नाही. फसलो का?
(बी.ई. दुसरं वर्ष, भंवरकुआं)

उत्तर: थोडासा. ती वायर फक्त चार्जिंगची आहे. ३६० च्या बिनतारी पॅडमधून यूएसबीवाटे बटणांची माहिती जातच नाही, मग वायर कितीही भारी आणलीस तरी उपयोग नाही. आणि त्यात ब्लूटूथही नाही, त्याची रेडिओची पद्धत स्वतःची आहे. त्याला वेगळा रिसीव्हर लागतो, कॉम्प्युटरच्या यूएसबीत लावायचा, चार पॅड एकत्र घेणारा.

अस्सल रिसीव्हर आता सहज मिळत नाही, बाजारात नकला आहेत. नक्कल लावल्यावर विंडोज तिला ‘अननोन डिव्हाइस’ म्हणेल, तिथे घाबरू नकोस. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तिच्यावर राइट क्लिक, ‘अपडेट ड्रायव्हर’, मग ‘यादीतून मी निवडतो’ हा पर्याय, आणि यादीत ‘एक्सबॉक्स ३६० वायरलेस रिसीव्हर फॉर विंडोज’. विंडोज एक इशारा देईल, होय म्हण. मग रिसीव्हरचं बटण दाब, लगेच पॅडच्या वरच्या कडेचं बारीक बटण दाब. दिव्याचा एक पाव भाग स्थिर राहिला की जुळलं.

पण रिसीव्हर घेण्याआधी हिशेब कर. याच पॅडची कायमच्या वायरची आवृत्ती मिळते, ती लावली की पुढच्या मिनिटाला चालते. होस्टेलच्या टेबलावर तू स्क्रीनपासून हातभर अंतरावर बसतोस, बिनतारी घेऊन करायचंय काय?

प्रश्न: मुलाने कॉम्प्युटरला बोटाच्या पेराएवढा ब्लूटूथ डोंगल लावला आहे. पॅड चालतो, पण रेसिंगमध्ये मधेच गाडी सरळ भिंतीवर जाते. बटण दाबलेलं उशिरा कळतं, कधी पॅड तुटतो आणि परत जोडला जातो. सीपीयू टेबलाखाली आहे, मागे लग्नाच्या फोटोंची हार्ड डिस्क कायम लावलेली असते. मुलगा म्हणतो पॅड जुना झाला, नवीन हवा. घ्यावा का?
(गृहिणी, सुदामा नगर)

उत्तर: नको, ताई. पाणी त्या हार्ड डिस्कपाशी मुरतंय.

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. घरातलं जुन्या पद्धतीचं वायफायही त्याच पट्ट्यात. आणि यूएसबी ३ च्या वायरी आणि खोबणी चालू असताना त्याच भागात रेडिओचा गोंगाट सोडतात. इंटेलने २०१२ साली हे मोजून त्यावर टिपण प्रसिद्ध केलं होतं, ऐकीव गोष्ट नाही. आता तुमच्या टेबलाखाली काय चाललंय ते बघा. निळ्या खोबणीत हार्ड डिस्क, तिला खेटून शेजारच्या खोबणीत डोंगल, पुढे पत्र्याचा डबा, वर टेबलाची फळी, आणि पॅड हातात घेऊन बसलेला मुलगा फळीच्या पलीकडे. शरीरातलं पाणीही या लहरी शोषून घेतं. जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा चॅनेल बदलत मोकळी जागा शोधत असतं, पण मोकळं काही उरलंच नाही तर ते तरी काय करणार!

माझ्या टेबलावर अशी तक्रार आली की पॅड उघडण्याच्या फंदात मी पडत नाही. आधी हार्ड डिस्क काढून पाहतो. गाडी सरळ धावू लागली तर निदान झालं. मग यूएसबीची एक्स्टेंशन वायर घ्यायची, हातभर लांबीची पुरते. ती पुढच्या किंवा मागच्या काळ्या खोबणीत, म्हणजे यूएसबी २ मध्ये लावायची, आणि डोंगल दुसऱ्या टोकाला टेबलाच्या वर, मॉनिटरच्या पायाशी आणून ठेवायचा. पॅडला डोंगल डोळ्यासमोर दिसला पाहिजे, एवढंच सूत्र. राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्झची सोय असेल तर कॉम्प्युटरचं वायफाय तिकडे न्या. जमल्यास राउटरपासून नेटची वायरच ओढा.

आणखी एक, हे तुम्हाला लागू नाही पण इतरांसाठी लिहून ठेवतो. नव्या मदरबोर्डांवर वायफाय-ब्लूटूथ आतच असतं आणि डब्यात दोन काळ्या अँटेना येतात. जोडून देणारा घाईत त्या लावत नाही, आणि त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत वॉरंटी कार्डाबरोबर माळ्यावर जातात. ब्लूटूथ मग दोन फुटांवर दमतं. सीपीयूच्या मागे दोन सोनेरी स्क्रू उघडे दिसले तर आधी माळा शोधा.

प्रश्न: एक्सबॉक्स वनचे दोन पॅड आहेत, दिसायला सारखे. एक ब्लूटूथवर लगेच जुळतो, दुसरा यादीत येतच नाही. दोघांचं बटण सारखंच दाबतो.
(वाचक, देवास)

उत्तर: सारखे नाहीत. दोन्ही शेजारी ठेवा आणि मधल्या चमकणाऱ्या एक्सबॉक्स बटणाभोवतीचं प्लॅस्टिक बघा. एकावर ते तुकतुकीत, वरच्या खांद्याच्या बटणांच्या पट्टीला जोडलेलं असेल. तो २०१३ चा जुना घाट, त्यात ब्लूटूथ नाही. दुसऱ्यावर ते पुढच्या अंगाच्याच प्लॅस्टिकचा भाग असेल. तो २०१६ पासूनचा, ब्लूटूथवाला. जुन्याला मायक्रो यूएसबीची वायर लावा, विंडोज १० आणि ११ मध्ये लगेच चालतो. बिनतारीच हवा असेल तर मायक्रोसॉफ्टचा वेगळा वायरलेस अ‍ॅडॉप्टर घ्यावा लागेल. तो एकदम आठ पॅड धरतो, शिवाय हेडफोनचा आवाजही पॅडमधून येतो. ब्लूटूथवर एक्सबॉक्सच्या पॅडची हेडफोनची खोबण गप्प असते, तो बिघाड समजू नका.

वायर मात्र मोबाइलच्या ढिगातली उचलू नका. स्वस्त वायरींमध्ये बऱ्याचदा फक्त चार्जिंगच्या दोन तारा असतात, माहितीच्या दोन नसतातच. दुकानात वायर घेताना फोन आणि लॅपटॉप जोडून एक फोटो इकडून तिकडे जातो का ते पाहा. गेला तर ती वायर पॅडला चालेल.

प्रश्न: निन्टेन्डो स्विचच्या प्रो कंट्रोलरवर ए दाबलं की बी होतं.
(नववीतला वाचक, तिलक नगर)

उत्तर: निन्टेन्डोने ए उजवीकडे ठेवलं, मायक्रोसॉफ्टने खाली. स्टीमच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये निन्टेन्डोची बटणरचना वापरण्याचा पर्याय आहे, तो हवा तसा चालू-बंद करून बघ. आणि पत्राच्या शेवटी ‘आईला सांगू नका’ लिहिलं आहेस, ते छापायचं टाळलं असतं, पण प्रश्न बरा होता.

प्रश्न: पॅडला हात लावला नाही तरी खेळाडू आपला डावीकडे चालतच राहतो. पीएस-फोरचा पॅड, वायरने लावला तरी तसंच. मित्र म्हणतो ड्रायव्हर बदल.
(नोकरदार, रामबाग)

उत्तर: वायर लावूनही तसंच होतंय हे तपासलंत, छान केलंत. रेडिओचा संबंध संपला. ड्रायव्हरचाही नाही. वर लोकमान्य नगरच्या काकांना सांगितलेली चौकट उघडा आणि पॅड टेबलावर ठेवून द्या. अधिकचं चिन्ह चौकोनाच्या मध्यावर नसून डावीकडे सरकलेलं असणार.

स्टिकच्या बुडाशी दोन छोटे पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीचा, एक उभ्या. कार्बनच्या पट्टीवरून एक पातळ पत्रा घासत फिरतो आणि त्यावरून स्टिक कुठे आहे ते कळतं. पट्टी झिजली किंवा मधे कचरा आला की मधोमध असलेली स्टिकही डावीकडे वाटते. कचरा कसला? आपल्या गावात विचारायला नको. मी पॅड उघडतो तेव्हा स्टिकच्या घेरात शेवेचा पिवळा भुगा असतो, आणि रविवार-सोमवारी आलेल्या पॅडांना जीरावनाचा, म्हणजे पोह्यांवरच्या मसाल्याचा वास येतो. पोहे खाताना गेम थांबवावा ही माझी विनंती आजवर एकाही घराने मानलेली नाही.

आधी गेममध्ये किंवा स्टीममध्ये ‘डेडझोन’ थोडा वाढवून पाहा, म्हणजे मधल्या छोट्या सरकण्याकडे गेम दुर्लक्ष करेल. नेमबाजीच्या गेममध्ये त्यामुळे बारीक हालचाल बोथट होते, क्रिकेट-फुटबॉलमध्ये फरक कळत नाही. मग सफाई. पॅड बंद करा, वायर काढा. आयसोप्रोपिल अल्कोहोल केमिस्टकडे किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. कान साफ करायच्या काडीवर ते घ्या, स्टिक एका बाजूला पूर्ण कलती करून उघड्या पडलेल्या फटीत पुसा, चारी बाजूंनी. मग स्टिक गोल-गोल फिरवा, पूर्ण वाळू द्या आणि परत चौकट उघडून चिन्ह बघा. सुगंधी सॅनिटायझर नको, त्यातला चिकट भाग आत राहतो. बिजागरीला मारायचा तेलकट स्प्रे तर मुळीच नको.

चिन्ह तरीही सरकलेलंच राहिलं तर पट्टी झिजली आहे आणि स्टिकचा पूर्ण भाग बदलावा लागेल. तो बोर्डावर चौदा ठिकाणी सोल्डर केलेला असतो, साधं सोल्डरिंग आयर्न घेऊन घरी काढायला गेलात तर बोर्डाचे रस्ते उखडतील. बदलायचाच असेल तर चुंबकावर चालणारी, हॉल सेन्सरची स्टिक मागा. तिच्यात घासणारं काही नसतं. बसवल्यावर तिचं मधलं माप नव्याने द्यावं लागतं, ते दुकानदार करून देतो ना, हे काम टाकायच्या आधीच विचारून घ्या.